बाहिया पाहाले नेलं तो दिवस

देऊळघाटच्या या हाटेलात मी बसलो की लोकांले एकच सुचते. रहेमतचाचा, तुम्ही तं सातासमुद्रापलीकडं जाऊन आले, तिथं पाहाले काय होतं ते सांगा ना. जसा काही मी जत्रेले गेलतो. अरे बाप्पा, पाहाले लय होतं. ब्राझील नावाचा मुलूख हाये, त्याच्या समुद्राकाठी बाहिया नावाचं जुनं शहर हाये, अन् ते आम्हाले एक दिवस फुकटात दाखवलं. मोटारीतून फिरवलं, वडे पुढं केले, जेवणही द्याले निघाले होते. पण एक सांगून ठेवतो. ना ओळख ना पाळख असा माणूस तुम्हाले दिवसभर फुकट गाव दाखवाले निघाला, तं त्याच्या मागं हासत जाऊ नका. आधी पाहा, आपल्या पाठीमागं काय चालू हाये.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्सं झाले असतीन. मी बैलांचा दलाल, रहेमतुल्ला म्हणलं की डोणगाव-मेहकरच्या बाजारात पोट्टे-सोट्टेही ओळखत. त्या साली मुंबईच्या एका कंपनीचे लोक एका गोऱ्या साहेबाले घेऊन डोणगावले आले. त्यांले पैदाशीसाठी वळू पाहिजे होते, आगबोटीनं ब्राझीलले न्यायले. साहेबाले पसंत पडला कडूबाचा हरण्या.

कडूबा म्हणजे वांगे-मिरच्या लावणारा गरीब माणूस. बोलणं कमी, अन् जे काय बोलन ते जनावरासंगं. हरण्याची माय त्याले जन्म देऊन मेली, तवा कडूबाच्या बायकोनं, सोजराबाईनं, त्याले बाटलीनं दूध पाजून वाढवला. पुढं त्याचं वशिंड असं भरलं की साहेब त्याच्यावरून हात काढीना. पण हरण्याची एक खोड होती. कडूबाच्या आवाजाशिवाय तो पाऊल उचलत नव्हता. कासरा ओढा, दांडकं दाखवा, गडी आपला उभा. साहेब हासला अन् म्हणे, मंग मालकालेही आणा संगं. कडूबाचं तोंड उतरलं. "रहेमतभाई येत असन तं मी येतो," म्हणे. अन् सौदा जुळवाच्या नादात माह्या तोंडातून हाव निघून गेलं. दलालाचं तोंडच असं, आधी बोलते अन् मंग इचार करते.

आगबोटीचं काय सांगू. गुजरातची जनावरं, तेलंग्यांची जनावरं, त्यांचे राखणदार, अन् खाली समुद्र. कडूबा हरण्याच्या पायापाशीच झोपे. आमची बोली कोणाले येत नव्हती, फक्त एक होता, गोव्याचा कायतान. बोटीवर भात शिजवे. गोव्यावर आत्ता-आत्तापर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं अन् ब्राझीलवरही पहिले त्यांचंच होतं, म्हणून तिकडची बोली त्याले घरच्यासारखी येत होती. मराठी मोडकीतोडकी येत होती. त्याच्याच तोंडानं आम्ही बोलाचं अन् त्याच्याच कानानं ऐकाचं. परदेशात माणूस असा दुसऱ्याच्या हाती जाते.

बाहियासमोर खाडी हाये, अन् त्या खाडीत एक लहानसं बेट. जनावरं पहिले तिथं उतरवली. तिथले डॉक्टर पाहणार, बरी हायेत म्हणणार, तवाच मुलखात शिरू देणार, असा कायदा. अन् तिथंच घात झाला. हरण्यानं चारा सोडला. तोंडातून लाळ. डॉक्टरनं जबडा उघडला तं जिभेवर फोड, पाय उचलला तं खुराच्या बेचक्यात फोड. डॉक्टर म्हातारा होता, पांढरी टोपी घालणारा. त्यानं पाय हळूच खाली ठेवला. मंग आम्हा दोघांले साबणानं आंघोळ घातली, आमचे कपडे आमच्या डोळ्यादेखत जाळले, नवे पांढरे कपडे दिले अन् बोटीवर परत आणलं. कडूबाचं धोतर जळताना मी पाहून राह्यलो होतो.

कायताननं सांगितलं ते सरळ होतं. डॉक्टरले लाळ-खुरकूताचा संशय. खुरकूत त्यांच्याकडंही होतं, पण हिंदुस्थानातलं त्यांले आणखी नको होतं. रोग ठरला तं हरण्याले मारतीन, अन् त्याच्यामागं बाकीच्यांलेही. नाही ठरला तं सगळे वाचले. "उद्या ठरवणार," कायतान म्हणे. कडूबा म्हणे, "मले त्याच्यापाशी नेऊन सोडा, मी बेटावरच राह्यतो, मलेही कोंडा." नाही म्हणे. रातभर तो बोटीच्या कठड्याशी बेटाकडं तोंड करून बसला. पहाटं कायतान आला अन् म्हणे, "चला, आज तुमका शहर दाखवतो. मोठ्या साहेबान गाडी धाडली हा."

माह्या मनात तिथंच पाल चुकचुकली. काऊन, तं मी दलाल हाये. गिऱ्हाईक जनावराभोवती लय वेळ घोटाळाले लागला, पायाकडं वाकून पाहाले लागला, की मीच त्याच्या खांद्यावर हात टाकतो अन् म्हणतो, चाल बाप्पा, चहा घेऊ. चहा पाजाले थोडीच नेतो? त्याले तिथून हालवाले नेतो. अन् इथं तं चहा नाही, अख्खं शहर पाजून राह्यले होते.

"आम्हाले नाही पाहाचं गाव," मी म्हणलं. "बेटावर न्या."

"बेटार आज कोणाक सोडनात," कायतान म्हणे. "हांगा बसून किदें करतले? डॉक्टर सांजचो जाप दितलो." म्हणजे इथं बसून काय कराल, डॉक्टर संध्याकाळी उत्तर देईन. बोलताना त्याची नजर माह्या चपलांवर होती.

कडूबा उठला. "चाला रहेमतभाई," म्हणे. "आपण आडवं लावलं तं डॉक्टरले राग येईन. राग हरण्यावर निघन." त्याचं तसंच होतं, दुनियेतल्या सगळ्या साहेबांचा राग त्याच्याच जनावरावर निघणार. गेलो.

धक्क्यावर एक लठ्ठ माणूस मोटार घेऊन उभा. तो हासून राह्यला होता, अन् दिवसभर हासतच राह्यला. मोटारीत आम्हाले मागं बसवलं अन् समुद्राकडच्या खिडकीची काच वर चढवली. उन्हानं जीव चालला होता, तरी काच वर. मी खाली कराले हात घातला, तं लठ्ठ्यानं हासत हासत माहा हात धरला.

शहर दोन मजली हाये. खाली बंदर, वर टेकाडावर जुनं गाव, अन् दोन्हीच्या मधात इमारतीएवढा पाळणा. लोक आत उभे राह्यतात, दार लागते अन् पाळणा वर जाते. कडूबानं डोळे मिटून घेतले अन् माहं मनगट धरलं. वर आलो तं पाळण्याच्या तोंडापाशीच कठडा, अन् कठड्याच्या खाली सगळी खाडी. तिथून बेट दिसलं असतं. लोक तिथंच उभे राहून पाहात होते. लठ्ठ्यानं आम्हाले दोन्ही दंडाले धरलं अन् समुद्राकडं पाठ करून गल्लीत शिरवलं. "पयलीं देवूळ," कायतान म्हणे. मी मागं वळून पाह्यलं, तं कायतान कठड्याकडं पाहून राह्यला होता अन् छातीवर बोटं फिरवून राह्यला होता, किरिस्ताव लोक फिरवतात तशी.

देऊळ म्हणजे त्यांचं चर्च. आतून सगळं सोन्याचं. खांब सोन्याचे, भिंती सोन्याच्या, पंखवाल्या पोरांचे मुखडे सोन्याचे, इतकं सोनं की डोळ्याले शिसारी यावी. लोक तोंडं वासून पाहात होते. कडूबानं एकदा वर पाह्यलं अन् म्हणे, "आता त्यानं पाणी पेलं असन का?" मी म्हणलं, असन. ते सोनं पाहाले लोक कुठून कुठून येतात म्हणे. आम्ही दोघं तिथं हरण्याच्या पाण्याची गोष्ट करून राह्यलो होतो.

मंग उताराचा एक चौक. रंगीत घरं, खाली गोटे बसवलेले, कुठी तरी ढोलकं वाजून राह्यलं होतं. पांढरे घागरे घातलेल्या काळ्या बाया लाल तेलात वडे तळत होत्या. कायताननं वडे घेतले, आम्ही काही खाल्ले नाही. तो सांगाले लागला की या चौकात खांब होता, गुलामांले त्याले बांधून चाबकानं फोडत. लोक पाहाले जमत.

"ते कुठून आणत?" कडूबानं इचारलं.

"समुद्रापलीकडसून. बोटीन."

"त्यांचे मालक संगं येत का?"

कडूबानं वाकून तिथल्या गोट्यावर हात ठेवला, तापला होता. तेवढ्यात ढोलक्याचा आवाज थांबला अन् चौक एकदम ओस वाटाले लागला. मले तिथून पळून जावं वाटलं, खरं सांगतो. पण पळून जाचं कुठं, आमच्या पायाखालची वाटसुद्धा कायतानच्या तोंडातून निघत होती.

दुपार होत आली. मी इचारलं, आता बंदरावर? लठ्ठ्या हासला. आणखी एक टेकाड, आणखी एक चर्च. याच्या दारावर पोट्टे रंगीत फिती इकत होते. मनगटाले बांधाची, गाठ मारताना नवस बोलाचा. आपल्याकडं सैलानीबाबाच्या दर्ग्यावर दोरे बांधतात, तसंच. एका बाईनं कडूबाच्या मनगटाले फीत बांधली, निळी. त्याचे ओठ हालले. काय मांगितलं ते मले इचाराची गरज नव्हती.

चर्चच्या बाजूले एक खोली होती. आत पाऊल टाकलं अन् मी तिथंच थांबलो. छतापासून पाय लटकून राह्यले होते. हात, मुंडकी, बोटं, पिवळट, मेणाची. वाऱ्यानं एकमेकाले लागत होती अन् बारीक आवाज येत होता. भिंतीवर खालपासून वरपर्यंत माणसांचे फोटो, सगळे आपल्याकडं पाहून राह्यलेले. कायतान म्हणे, जो अवयव बरा झाला, तो मेणाचा करून लोक इथं वाहतात.

कडूबा त्या पायांखाली उभा राह्यला. लय वेळ वर पाहात राह्यला. मंग म्हणे, "इथं जनावराचा पाय चालते का?"

"चालते असन," मी म्हणलं.

"मंग मी एक वाहीन. बरा झाला तं." अन् एकदम तो भिंतीले पाठ लावून खाली बसला. "रहेमतभाई, तो रोग नाही हो. तो बिब्बा हाये."

मले समजेना. बिब्बा कोणाले माहीत नाही? आपल्या घराघरात राह्यते, काळा, टणक. सुईनं टोचून तेल काढाचं, भेगेवर लावाचं. पण जास्त झालं, नको तिथं लागलं, तं दुसऱ्या दिवशी उततो, अंगावर टरारून फोड येतात.

कडूबा बोलला ते तुटक तुटक बोलला. निघताना सोजरानं बिब्ब्याची पुरचुंडी बांधून दिली होती. बोटीच्या ओल्या फळ्यांवर उभा राहून हरण्याच्या खुरात भेगा पडल्या. कंपनीवाल्यांनं बजावलं होतं की जनावराले आपलं औषध लावाचं नाही. त्यानं चोरून लावलं. सोजरानं बजावलं होतं की बिब्बा लावला की तोंडाले मुसकं बांध, नाही तं तो पाय चाटन. मुसकं बांधलं. पण बोटीच्या पोटात उकाडा असा की हरण्या धापा टाकाले लागला, अन् कडूबाच्यानं पाहावलं नाही. मुसकं काढलं. हरण्यानं पाय चाटला. खुरात फोड, जिभेवर फोड.

"अबे मंग हे काल काऊन नाही सांगितलं?" मी ओरडलोच. चर्चमधले लोक वळले.

"मले वाटलं दोन दिसात बसून जाईन. चोरून लावलं म्हणलं तं आपल्याले परत धाडतीन, हरण्या एकटा राहीन." तो रडून राह्यला होता. "अन् सोजराचं नाव घ्यावं लागलं असतं."

मले राग आला, पण रागाच्या खालून आनंद आला, हे पण खरं. रोग नव्हता. डॉक्टरले सांगाचं की एक दिवस थांब, बिब्ब्याचे फोड कसे येतात ते दाखवतो. संपलं. मी कायतानले सांगितलं, ताबडतोब बंदरावर चाल. कायतान लठ्ठ्याशी बोलला. लठ्ठ्याचं हासू पहिल्यांदा गेलं. तो मान हालवून राह्यला.

"पयलीं जेवण," कायतान म्हणे.

मी त्याची कॉलर धरली. त्या मेणाच्या पायांखाली, देवाच्या घरात, धरली. "नजर वर कर अन् सांग," म्हणलं.

त्यानं नजर वर केली. डोळे भरले होते. "ठरलां तें काल सांजचेंच ठरलां," तो म्हणे. "तुमका सांज मेरेन शहरांत राखून दवर म्हण सांगलां माका. तें म्हज्या हातांत नासलें." हरण्याले माराचं कालच संध्याकाळी ठरलं होतं, अन् आम्हाले आज संध्याकाळपर्यंत शहरात ठेवाचं, असं मोठ्या साहेबानं त्याले सांगितलं होतं. त्याच्या हातात काही नव्हतं. कोणाच्याच हातात काही राह्यत नाही, मी दलाली करून करून एवढं शिकलो.

कडूबानं ते ऐकलं अन् तो उठून चालाले लागला. धावत नव्हता, नांगरामागं चालते तसा चालत होता, पण मले गाठता येईना. उतारानं खाली, कोणत्या गल्ल्या, काय गल्ल्या, मले आठवत नाही. मोटार मागून हॉर्न वाजवत आली अन् मागंच राह्यली. कायतान मात्र धापा टाकत आमच्यासंगं आला, ते मी त्याच्या नावावर लिहून ठेवलं हाये. एका वळणावर घरं सरली अन् खाडी उघडी पडली. बेट समोरच होतं. बेटावरून धूर निघून राह्यला होता, जाड, काळा, सरळ वर. हवा नव्हती. कडूबा थांबला नाही, त्यानं फक्त चेहरा दुसरीकडं केला.

धक्क्यावर पोचलो तं डॉक्टरची नाव नुकतीच लागली होती. म्हातारा पायऱ्या चढून वर आला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या अन् चुन्याचा वास येत होता. कडूबा त्याच्यापुढं उभा राह्यला अन् बोलाले लागला, डोणगावच्या बोलीत, जसा काही म्हाताऱ्याले ती येतच होती. बिब्बा, मुसकं, चाटलं, सगळं. कायतान मागून मागून सांगत होता. म्हाताऱ्यानं टोपी काढली. मधात एकदा त्यानं हात वर करून कायतानले थांबवलं अन् पुन्हा सांगाले लावलं.

मंग तो बोलला. कायताननं नजर खाली घातली. मी म्हणलं, सांग.

"म्हणता, एक दीस पुरो आशिल्लो. काल सांगलें आसलें जाल्यार हांव एक दीस रावतलों आशिल्लों." काल सांगितलं असतं तं तो एक दिवस थांबला असता. हरण्याले दुपारच्या आतच मारलं होतं. उद्या बाकीच्यांची पाळी होती.

म्हाताऱ्याचा विश्वास पूर्ण बसला होता असं नाही. समुद्रापलीकडून आलेला माणूस कसलं तरी काळं फळ सांगते, कोण ऐकन? कडूबानं ते त्याच्या तोंडावर वाचलं. त्यानं कंबरेच्या कसातून बिब्बा काढला. कपडे जळाले तरी तेवढा एक त्यानं मुठीत राखला होता. धक्क्याच्या दगडावर ठेवला, दुसऱ्या दगडानं ठेचला. काळं तेल निघालं. त्यानं ते मनगटाले चोळलं, बोटांच्या बेचक्यात चोळलं, अन् मी हात धराच्या आत जिभेवर घासलं.

"उद्या पाहा म्हणावं," तो कायतानले म्हणे.

सकाळी कडूबाचं तोंड मिटत नव्हतं. जीभ सुजून दातांच्या बाहेर आली होती, तिच्यावर फोड, बेचक्यात फोड, मनगटावर फितीच्या दोन्ही अंगांनं फोड. लाळ गळून राह्यली होती. म्हाताऱ्यानं त्याचा जबडा धरला, हरण्याचा धरला होता तसाच, अन् उजेडाकडं वळवून पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. मंग तो एका लाकडी पेटीवर बसला अन् त्यानं हातानं खूण केली, राहू द्या. त्या दिवशी बाकीची जनावरं नाही मेली. गुजरातच्या राखणदारांनं कडूबाचे पाय धरले. त्याले बोलता येत नव्हतं, नाही तरी तो काय बोलला असता.

परतीच्या बोटीत त्याची जीभ कामाची झाली, तवा त्यानं पहिली गोष्ट केली ती मले कसम घालाची. सोजराले हरण्या मेला ते सांगाचं. कशानं मेला ते नाही सांगाचं. तिकडची हवा मानवली नाही म्हणाचं. "ती पुरचुंडी तिनं बांधली होती, रहेमतभाई. तिच्या जिवाले लागन." मी कुराणाची कसम खाल्ली. खोटं बोलाची माही रोजची सवय, तिच्यासाठी एक खोटं जड नव्हतं.

डोणगावले आम्ही दोघं गेलो. सोजराबाई दारात उभी होती. कडूबाले पाहून हासली, मंग त्याच्या चेहऱ्याकडं पाहून हासू थांबवलं. मी सांगितलं, वहिनी, हवा मानवली नाही. ती ओट्यावर बसली, पदर तोंडाले लावून रडली. मंग उठून चहा ठेवला. चहा देता देता इचारलं, "रहेमतभाऊ, बिब्बा कामी आला का?"

मी कडूबाकडं पाह्यलं. तो कपात पाहून राह्यला होता. "आला वहिनी," मी म्हणलं. "बाकीची सगळी जनावरं त्यानंच वाचली." यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मले स्वतःचीच लाज वाटली.

तिचं तोंड जरा उजळलं. ती उठली, फडताळातून डबा काढला अन् फडक्यात बिब्बे मोजून बांधाले लागली. "सुलतानपूरच्या जानरावचा वळू पुढच्या महिन्यात त्याच बोटीनं जाऊन राह्यला म्हणे," ती म्हणे. "त्याची बायको काल बाजारात भेटली, घाबरून राह्यली होती बिचारी. तिले म्हणलं, मी देते बांधून, खुराले लावजा. तुम्ही जाता जाता नेऊन द्या रहेमतभाऊ."

तिनं पुरचुंडी माह्यापुढं धरली. माहा हात उठेना. घेतली तं जानरावचं जनावर गेलं, नाही घेतली तं कसम गेली.

कडूबा उठला. त्यानं तिच्या हातातून पुरचुंडी काढून घेतली.

"काऊन?" ती म्हणे.

त्यानं तोंड उघडलं अन् जीभ बाहेर काढली. जिभेवर अजून पांढरे चट्टे होते, कडेले वण पडलेले. सोजराबाई जवळ गेली. त्या म्हाताऱ्या डॉक्टरले एक दिवस लागला होता. तिले एक नजर पुरली.

"हा तं बिब्बा उतलेला हाये," ती म्हणे.

"हाव."

"तुम्ही जिभेले लावला?"

"मी मंग लावला. पहिले त्यानं पाय चाटला." कडूबानं पुरचुंडी मुठीत आवळली. "मुसकं मी काढलं, सोजरा. त्याले गरम होत होतं."

ती खाली बसली. रडली नाही, ओरडली नाही, कोणाले दोष दिला नाही. मंग तिनं मान वर केली अन् आम्हा दोघांकडंही पाह्यलं.

"त्या दिवशी त्याच्यापाशी कोण होतं?" तिनं इचारलं. "काही खाल्लं होतं का त्यानं?"

कडूबानं माह्याकडं पाह्यलं. मी कडूबाकडं पाह्यलं. दोघांपैकी कोणालेच ते माहीत नव्हतं. त्या दिवशी आम्ही गाव पाहाले गेलतो.